पान काळं झालं नाही, म्हणजे झाडानं अन्न बनवलंच नाही का?

विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. पानाचा थोडा भाग काळ्या कागदानं झाकून झाड उन्हात ठेवायचं, मग पान उकळायचं, स्पिरिटात ठेवून त्याचा हिरवा रंग काढायचा, वरून आयोडीन टाकायचं आणि ते निळं-काळं व्हायची वाट बघायची. पुस्तकात ते दरवेळी होतं. गावातल्या शाळेत मात्र बरेचदा पान तपकिरीच राहतं, नाहीतर काळ्या कागदाखाली झाकलेला भागसुद्धा उघड्या भागाइतकाच काळा पडतो. मग चार्टवर स्केचपेननं काळं पान काढून वेळ मारून नेली जाते.

दोष झाडाचा नसतो. बहुतेक वेळा मुलांचाही नसतो. ही चाचणी नेमकं काय दाखवते, हेच नीट सांगितलेलं नसतं. आयोडीन पानातला स्टार्चचा, म्हणजे बनवून ठेवलेल्या अन्नाचा, साठा दाखवतं. पानानं किती काम केलं, ते दाखवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढचा सगळा घोळ त्या एक समजल्यामुळे होतो.

## आधी साखर, मग स्टार्च

झाड उजेडाच्या मदतीनं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवतं, याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. उजेड पकडण्याचं काम पानातलं हिरवं द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य करतं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. राहून जातं ते पुढचं: पानात पहिल्या फटक्यात स्टार्च बनत नाही. मेल्विन कॅल्विन या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून याचा माग काढला. काही सेकंदांतच तो कार्बन तीन कार्बनच्या एका छोट्या संयुगात सापडला. साखर त्यानंतर, आणि स्टार्च तर आणखी पुढे. या कामासाठी कॅल्विन यांना १९६१ साली नोबेल मिळालं.

तयार झालेली साखर पानातून रसवाहिन्यांवाटे बाहेर पडते आणि मुळांना, बोंडांना, शेंगांना, फळांना जाते. दिवसा ती बाहेर जाते त्यापेक्षा जास्त वेगानं बनते. उरलेली साखर तशीच ठेवली तर ती पेशीतल्या पाण्यात विरघळून राहते, आणखी पाणी ओढते आणि पेशी फुगवते. म्हणून झाड तिच्या लांब साखळ्या करून न विरघळणारे दाणे बनवतं. हे दाणे म्हणजे स्टार्च. मराठीत आपण त्याला पिष्टमय पदार्थही म्हणतो. रात्री उजेड नसतो, पण झाडाला साखर लागतेच. तेव्हा हे दाणे पुन्हा फोडले जातात आणि साखर होऊन पानाबाहेर जातात. संध्याकाळी भरलेलं पान पहाटेपर्यंत जवळपास रिकामं होतं.

वेचणीच्या दिवसांत कापसाच्या घरात डोकावून बघा. खोलीत कापूस भरलेला दिसला, तर वेचणी झाली हे नक्की. खोली रिकामी असली म्हणून वेचणी झालीच नाही असं म्हणता येत नाही, माल कालच गाडीत भरून जिनिंगला गेलेला असू शकतो. आणि खोली आढ्यापर्यंत भरलेली असेल, तर पीक जोरात आहे असंही ठरत नाही. कदाचित खरेदीच बंद असेल. पानातल्या स्टार्चला हे तिन्ही प्रकार लागू पडतात, आणि तिसऱ्याचा थेट संबंध संत्र्याच्या बागेशी आहे. त्याकडे शेवटी येऊ.

## आयोडीन काळं का पडतं

स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. त्यातली सरळ साखळी, तिला अमायलोज म्हणतात, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. एका वेढ्यात ग्लुकोजचे साधारण सहा कण. या वेढ्यांच्या आतल्या पोकळीत आयोडीनचे कण रांगेनं जाऊन बसतात आणि तिथं अडकल्यावर त्यांचा रंग तपकिरीचा गडद निळा होतो. फांद्या फुटलेल्या दुसऱ्या साखळीसोबत रंग लालसर-जांभळा येतो. दोन्ही मिसळून आपल्याला निळं-काळं दिसतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तापवलं की ही स्प्रिंग सैल होते, आयोडीन सुटतं आणि रंग जातो. थंड झाल्यावर परत येतो. म्हणून उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम पानावर लगेच आयोडीन टाकलं, तर स्टार्च असूनही रंग दिसत नाही. निम्मे "फसलेले" प्रयोग एवढ्या घाईनंच फसत असावेत.

आयोडीनचा शोध १८११ सालचा. १८६० च्या दशकात युलियस सॅक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं हीच खूण वापरून दाखवलं, की पानाच्या हिरव्या कणांतलं स्टार्च उजेडात तयार होतं आणि अंधारात नाहीसं होतं. शाळेतला प्रयोग मूळचा तो.

## पान आधी रिकामं करायला हवं

झाडावरून तोडलेल्या पानात कालचं स्टार्च शिल्लक असेल, तर आजच्या उजेडाबद्दल काहीच कळणार नाही. म्हणून कुंडीतलं झाड आधी पूर्ण अंधारात ठेवायचं. नोव्हेंबरच्या उबदार दिवसांत मऊ पानांच्या झाडाला २४ तास बहुधा पुरतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाडाचं कामकाज मंदावतं, तेव्हा ४८ तास द्या. दाराच्या फटीतून उजेड येणारी खोली चालत नाही. कपाटात किंवा मोठ्या खोक्याखाली ठेवा, आणि त्याआधी पाणी घाला, नाहीतर झाड मलूल होतं.

पान रिकामं झालं की नाही, हे गृहीत धरू नका. अंधारातून झाड काढताक्षणी एक पान तोडून तपासा. ते काळं पडलं तर झाड आणखी एक दिवस आत. ही एक पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि झाकलेला भाग काळा निघण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं.

झाड जमिनीत असेल, वावरातली पऱ्हाटी (कपाशी) किंवा अंगणातली जास्वंद, तर निवडलेली पानं अॅल्युमिनियमच्या चकचकीत कागदात सैलसर गुंडाळून दोन दिवस ठेवा. काळी प्लास्टिकची पिशवी वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात ती आतून इतकी तापते, की पान भाजून निघतं आणि मग कशाचीच चाचणी उरत नाही.

## कोणतं पान आणि कोणता महिना

जास्वंद सगळ्यांत सोयीची: पान पातळ, मोठं, रंग लवकर सुटतो. गुलबक्षी आणि तेरडाही चालतात. सोयाबीन आणि कपाशी ही दोन्ही पिकं दिवसा पानात भरपूर स्टार्च साठवतात, त्यामुळे खरिपात वावरातलंच पान घेता येतं. कपाशीच्या पानावर बारीक काळपट ठिपके मुळातच असतात. त्या ग्रंथी आहेत, त्यांना स्टार्च समजू नका. पळस, संत्रा, वड यांची पानं जाड आणि मेणचट; रंग निघायला फार वेळ लागतो. पहिल्या प्रयोगाला ती घेऊच नका. पूर्ण वाढलेलं, निरोगी, झाडाच्या वरच्या भागातलं पान निवडा. कोवळं पान स्वतःच दुसऱ्या पानांकडून साखर घेत असतं.

महिना म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पाणी वाचवण्यासाठी पान भर दुपारी आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं, कार्बन डायऑक्साइड आत जात नाही आणि टळटळीत ऊन असूनही साखर कमी बनते. उन्हाळ्यात करायचाच असेल तर सकाळी सहा ते दहाचं ऊन द्या, कुंडी ओली ठेवा. पावसाळ्यात आठवडाभराची झड लागली असेल तर उघाड पडायची वाट बघा.

## कागद लावणं

काळ्या जाड कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, साधारण दोन सेंटीमीटर रुंद. एक पानाच्या वरून, एक खालून, समोरासमोर. कागदाला लावायच्या क्लिपनं अडकवा. पिठाच्या खळीनं चिकटवू नका! खळ म्हणजेच स्टार्च. तिचा पुसट थर पानावर राहिला, की नेमका झाकलेला भाग काळा होतो आणि प्रयोग उलटा दिसतो. त्याच कारणासाठी डबा खाऊन झाल्यावर हात धुऊनच पानाला हात लावा, आणि पान कागदी प्लेटमध्ये न ठेवता चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत ठेवा. कागदालाही बरेचदा स्टार्चचा हात दिलेला असतो.

पट्टी लावल्यावर झाड चार ते सहा तास चांगल्या उन्हात ठेवा. पान दुपारी तोडा आणि लगेच पुढच्या पायऱ्या करा. तोडून दप्तरात रात्रभर ठेवलेल्या पानातलं स्टार्च खर्च होत राहतं.

## उकळणं आणि रंग काढणं

पट्टी काढा, ती कुठं होती ते वहीत आकृती काढून लिहून ठेवा. पान एक ते दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा. पाण्यानं पेशी मरतात, त्यांचे पडदे फाटतात, स्टार्च फोडणारी विकरं थांबतात आणि दाणे फुगून आयोडीनला वाट मिळते. पाच-दहा मिनिटं उकळलं तर पानाचा भाजीसारखा लगदा होतो.

हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून स्पिरिट. प्रयोगशाळेतलं इथाइल अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट चालतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर तेही चालतं, ते ८२ अंशांला उकळतं. हातावर लावायचं चिकट सॅनिटायझर जेल नको, त्यातला घट्ट करणारा पदार्थ पानाला लेपासारखा बसतो.

इथं थोडं थांबून बोलायला हवं, कारण या प्रयोगात धोका आहे तो याच पायरीवर. स्पिरिटची वाफ नेहमीच्या हवेतही पेट घेते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर बाटलीचं झाकण उघडलं की पेटण्याजोगी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा जड. ती टेबलावरून, जमिनीवरून सरपटत दोन हातांवरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. त्यामुळे स्पिरिट कधीही थेट जाळावर तापवायचं नाही. "खाली जाळी ठेवली आहे" म्हणूनही नाही.

जाळाची गरजच नाही. एका गंजात लिटरभर पाणी खळखळून उकळा. गॅस किंवा चूल पूर्ण विझवा. गंज उचलून दुसऱ्या जागी, शक्यतो उघड्या व्हरांड्यात न्या. मगच स्पिरिटची बाटली बाहेर काढा. मोठ्या परीक्षानळीत, नाहीतर स्टीलच्या उभ्या पेल्यात २० ते २५ मिलिलिटर स्पिरिट घ्या, त्यात पान पूर्ण बुडवा आणि ते भांडं गंजातल्या गरम पाण्यात उभं ठेवा. वरून बशी अलगद झाका. घट्ट बूच लावू नका. थोड्याच वेळात स्पिरिटला बुडबुडे येतात आणि ते हिरवं होऊ लागतं. जास्वंदीचं पान पाच ते दहा मिनिटांत पांढुरकं होतं. बुडबुडे थांबले आणि पान अजून हिरवं असलं, तर पेला बाहेर काढून दूर ठेवा, पाणी पुन्हा उकळा, जाळ विझवा आणि मग पेला परत आत. स्पिरिट गडद हिरवं झालं असेल तर ताजं घ्या.

शाळेला मिळणाऱ्या मिथाइलेटेड स्पिरिटमध्ये मिथेनॉल मिसळलेलं असतं. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावा, आणि उरलेलं स्पिरिट पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरू नका. ही पायरी मोठ्या माणसानं करायची, मुलांनी दोन पावलं मागून बघायची.

स्पिरिटातून निघालेलं पान कडक आणि ठिसूळ असतं, कारण स्पिरिटनं त्यातलं पाणी ओढून घेतलेलं असतं. ते चिमट्यानं धरून कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. मऊ होतं. मग बशीत पसरा आणि पूर्ण थंड होऊ द्या.

## आयोडीन किती दाट

प्रयोगशाळेतलं द्रावण बनवायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घालून हलवा, आणि ते पूर्ण विरघळल्यावर पाणी घालून १०० मिलिलिटर करा. क्रम महत्त्वाचा. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आयोडाइड असलं तरच विरघळतं. तपकिरी बाटलीत, थंड जागी ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेलं आयोडीन झाकणातून उडून जातं आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाटलीत पिवळसर पाणी उरतं.

हे नसेल तर जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन चालतं. १० टक्क्यांचं असेल तर त्यात पाचपट पाणी, ५ टक्क्यांचं असेल तर दुप्पट-तिप्पट. पाणी घातल्यानं ते निकामी होत नाही, उलट बांधून ठेवलेलं आयोडीन जास्त मोकळं होतं. मलम घेऊ नका, आणि हात धुण्यासाठी असलेलं फेसाळ स्क्रबही नको.

द्रावणाचा रंग फिकट कोऱ्या चहाइतकाच हवा. दाट आयोडीन टाकलं की स्टार्च असो वा नसो, सगळं पान गडद तपकिरी होतं आणि काळं-तपकिरी यातला फरक कळेनासा होतो. कुठलंही आयोडीन आधी भाताच्या शितावर टाकून बघा. शीत लगेच काळं पडलं, तर द्रावण चांगलं आहे. थंड पानावर थेंबथेंब टाका, तीन ते पाच मिनिटं थांबा, साध्या पाण्यानं धुवा आणि पान उजेडासमोर धरून बघा. उघडा भाग निळा-काळा, पट्टीखालचा भाग पिवळट-तपकिरी. शर्टावर डाग पडला तर लिंबू चोळा. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. याच कारणासाठी लिंबू-संत्र्याचा रस लागलेल्या हातानं प्रयोग करू नका.

## "कागदानं उजेडच नाही, हवाही अडवली असेल"

शंका रास्त आहे. उत्तर सोपं आहे: त्याच झाडाच्या दुसऱ्या पानावर तेवढ्याच मापाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या तशाच क्लिपनं लावा. हवा तिथंही तेवढीच अडते, उजेड मात्र जातो. तो भाग काळा झाला आणि काळ्या कागदाखालचा झाला नाही, तर फरक उजेडाचाच.

हवेचा भाग वेगळा तपासायचा असेल, तर अर्धं पान पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवलेल्या बाटलीत आणि अर्धं बाहेर, असा प्रयोग असतो. ते रसायन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. पण ते कातडी जाळतं, बुचाच्या फटीतून हवा शिरते, आणि शाळेत हा प्रयोग क्वचितच स्वच्छ निघतो. आधी उजेडाचा नीट करा.

## "उघड्या भागातली साखर झाकलेल्या भागात का जात नाही?"

हा प्रश्न विचारणारा पोरगा हुशार समजावा. पूर्ण वाढलेलं पान साखर आत घेत नाही, फक्त बाहेर पाठवतं. शिरांमधला प्रवाह देठाकडे असतो, शेजारच्या अंधाऱ्या पट्ट्याकडे नाही. म्हणून कागदाची कडा पानावर एवढी रेखीव उमटते.

पण बाहेरून साखर मिळाली तर? स्टार्च नसलेलं पान अंधारात साखरेच्या पाण्यावर तरंगत ठेवलं, तर त्यातही स्टार्च तयार होतं. म्हणजे स्टार्च बनवायला उजेड लागतच नाही. उजेड लागतो तो साखर बनवायला. याचा पुरावा रोज स्वयंपाकघरात असतो. बटाटा जमिनीखाली, ठार अंधारात वाढतो, आणि चिरून आयोडीन टाकलं की काळाकुट्ट होतो. म्हणून "काळं म्हणजे इथं प्रकाशसंश्लेषण झालं" हे वाक्य एकटं अपुरं आहे. आधी रिकामं केलेलं पान, फक्त उजेडाचा फरक, आणि मग काळं, एवढं सगळं जुळलं तरच ते पुराव्याला लागतं.

## "पांढऱ्या आणि लाल पानांचं काय?"

हिरवा-पांढरा मनी प्लांट हरितद्रव्याची गरज दाखवायला चांगला. फक्त रंग काढण्याआधी पांढऱ्या भागांचा नकाशा वहीत काढून घ्या, नाहीतर सगळं पान पांढरं झाल्यावर कोणता भाग मुळात हिरवा होता ते सांगता येणार नाही. हिरवा होता तिथंच काळं येतं.

लाल माठाचं पान मुलांना फसवतं. लाल रंग पाण्यात विरघळतो. पान उकळलं की पाणी लाल होतं आणि खालचा हिरवा दिसू लागतो. हरितद्रव्य तिथं होतंच, झाकलेलं होतं.

## "जास्त काळं म्हणजे जास्त अन्न?"

नाही. एका मर्यादेनंतर पान काळं ते काळंच, त्याहून दुप्पट स्टार्च असलं तरी डोळ्याला फरक दिसत नाही. वणी किंवा चंद्रपूरच्या कोळशाच्या रस्त्याकडेची धूळ बसलेली पानं आणि धुतलेली पानं यांची तुलना हा प्रकल्प मुलं आवडीनं घेतात. धूळ उजेड अडवते हे खरं आहे. पण आयोडीननं तो फरक दिसेलच याची खात्री नाही, आणि दिसला नाही म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. "किती" मोजायचं असेल तर भंडारा-गोंदियाच्या तलावांत मिळणारी हायड्रिला ही पाणवनस्पती घ्या, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ठेवा आणि मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा. तो काम मोजण्याचा मार्ग आहे, साठा मोजण्याचा नाही.

## कांदा आणि ज्वारी

कांद्याच्या हिरव्या पातीवर प्रयोग करून "यात प्रकाशसंश्लेषण होत नाही" असा निष्कर्ष काढला जातो. पात दिवसभर उन्हात साखर बनवतच असते. ती साठवण साखरेच्याच रूपात करते, स्टार्चच्या नाही. लसणाचंही तसंच.

ज्वारी आणि मक्याच्या पानात स्टार्च असतं, पण ते मुख्यतः शिरांना वेढणाऱ्या पेशींत बनतं. त्यामुळे सगळं पान काळं न होता शिरांच्या कडेनं बारीक निळ्या-काळ्या रेघा उमटतात. भिंगाखाली बघा. पान चिवट असल्यामुळे तुकडे करून जास्त वेळ स्पिरिटात ठेवावं लागतं. प्रयोग फसला म्हणून फेकलेल्या ज्वारीच्या पानात हे चित्र बहुधा होतंच.

## पान भरलेलं असणं वाईट कधी

आता ती आढ्यापर्यंत भरलेली खोली. सोयाबीनच्या झाडावरच्या शेंगा खुडून टाकल्या, तर काही दिवसांत पानांत स्टार्च साचू लागतं. साखर घेणारंच कुणी उरलेलं नसतं. फांदीभोवती तार घट्ट बांधलेली असेल, कपडे वाळत घालण्यासाठी बांधतात तशी, तर तारेच्या वरच्या पानांत हेच होतं. साल आवळली गेली की तिच्यातल्या रसवाहिन्या बंद पडतात.

संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या ग्रीनिंग रोगात झाडाच्या आतून अशीच नाकाबंदी होते. सिट्रस सायला नावाची बारीक कीड रस शोषताना या रोगाचा जिवाणू झाडात सोडते, आणि तो रसवाहिन्यांतच वस्ती करतो. वाहिन्या तुंबतात, साखर पानातून निघत नाही, पहाटेही पान स्टार्चनं भरलेलं राहतं. मुळं उपाशी, पान भरलेलं. म्हणून परदेशांत या रोगाचा पहिला अंदाज घ्यायला आयोडीनच वापरतात: संशय असलेलं, पूर्ण वाढलेलं पान सँडपेपरनं खरवडायचं, तो सँडपेपर चमचाभर पाण्यात धुवायचा आणि त्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकायचे. पाणी काळसर झालं तर संशय वाढतो. तुलनेसाठी खात्रीच्या निरोगी झाडाचं पान त्याच वेळी, त्याच पद्धतीनं तपासायचं. नाहीतर संध्याकाळी तोडलेलं कोणतंही चांगलं पान रोगट ठरेल.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदारांनी मात्र या काळ्या पाण्यावरून झाड तोडू नये. डिंक्या रोगानं साल कुजली असेल किंवा फांदी कशानं आवळली असेल, तरी पानात स्टार्च साचतं. जस्ताच्या कमतरतेनंही पानं पिवळी पडतात. तेव्हा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बराचसा सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो एका बाजूला वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा, असा बेढब पसरतो. खात्री होते ती जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीनं. लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था नागपूरलाच, अमरावती रस्त्यावर आहे. पानं तिथं दाखवायची तर ती धुऊन, कोरडी करून, कागदी पाकिटात न्या, आणि कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीची आहेत ते पाकिटावर लिहा. त्या झाडाला चुन्याची खूण करून ठेवा, आणि अहवाल येईपर्यंत त्यावरून कलमाला डोळे काढू नका.